‘ध’ चा ‘मा’ आता वाचकच करतो



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. मोबाईलवर येणारे दोन-चार ओळींचे संदेश, त्यांना जोडलेली छायाचित्रे आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती यांवर बोलण्यासारखे असे काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु आपण सीमाभागात राहणारी माणसे आहोत. येथे एका ओळीने बाजारपेठेची दारे लागतात, एका चित्रफितीने दोन राज्यांमधील एस.टी. नाक्यावर उभी राहते आणि परीक्षेला निघालेला मुलगा स्टँडवर अडकून पडतो. तेव्हा हा विषय किरकोळ नाही. तो आपल्या उंबरठ्यावर येऊन बसलेला आहे.

एकाच गल्लीतील दोन घरांत एकच संदेश एकाच क्षणी पोचतो. अक्षरे तीच, चित्र तेच. तरीही एका घरात त्याचा अर्थ ‘ही आम्हांला दिलेली धमकी आहे’ असा होतो, तर दुसऱ्या घरात ‘ही आमची रास्त तक्रार आहे’ असा होतो. दोन्ही घरांतील माणसे साक्षर आहेत आणि शुद्धीवरही आहेत. त्यांच्यापैकी कोणी मुद्दाम खोटे बोलत आहे, असेही नव्हे. मग हा फरक येतो कोठून? याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या भाषेत ‘ध’ चा ‘मा’ करणे असा वाक्प्रचार आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असा शब्द होता आणि तो ‘मारावे’ असा करण्यात आला, अशी आख्यायिका आहे. लोकांनी त्याचे खापर आनंदीबाईंच्या माथी फोडले. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, वाक्प्रचार मात्र कायमचा राहिला. त्या कथेत निदान कोणाला तरी लेखणी उचलून अक्षर बदलावे लागले होते. आज लेखणीचीही गरज उरलेली नाही. कागदावर ‘ध’ स्वच्छ लिहिलेला असतो आणि वाचणारा तो ‘मा’ म्हणून वाचतो. अधिक चिंतेची गोष्ट अशी की, तो तसा अगदी प्रामाणिकपणे वाचतो.

हा मनुष्यस्वभाव मोबाईलने निर्माण केला असे मानण्याचे कारण नाही. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये तेथील पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. सामना दांडगाईचा होता. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक फुटले, तर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सामन्यानंतर दोन्ही विद्यापीठांत आरोपांची राळ उडाली. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखविली आणि नियमभंग दिसेल तेथे खूण करावयास सांगितली. फिल्म एकच होती. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी दहाच्या जवळपास नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच संघाचे चारांहून थोडे अधिक दिसले. १९५४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यावर आजही चर्चा होते. त्याचा निष्कर्ष आपल्या आजीबाईंना ठाऊक होताच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! पण येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. बाब्याने केलेली खोडी आई पाहते आणि पोटात घालते, असा या म्हणीचा आपण अर्थ करतो. या प्रयोगाने दाखविले ते त्याहून निराळे आहे. ती खोडी आईला दिसतच नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये लेबाननची राजधानी बैरूत येथील साब्रा आणि शतीला या वस्त्यांमध्ये निर्वासितांचे हत्याकांड झाले. त्याच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखविण्यात आल्या. बातम्या त्याच होत्या. इस्रायलचे पक्षपाती म्हणाले की, या बातम्या आमच्या विरुद्ध रंगविल्या आहेत. अरबांचे पक्षपातीही नेमके हेच म्हणाले. बातमी जर मध्यावर उभी असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ती समोरच्याच्या अंगणात उभी असल्यासारखी दिसते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची आठवण प्रत्येक वृत्तपत्राच्या संपादकाने टेबलावर लिहून ठेवावी आणि प्रत्येक वाचकानेही ठेवावी.

आता कोणी म्हणेल, मनुष्यस्वभाव जर जुनाच असेल तर मोबाईलला दोष का द्यावा? त्याचे उत्तर असे की, जुन्या स्वभावाला या साधनाने नवे रान मोकळे करून दिले आहे. वृत्तपत्र हाती घेतले की त्यावर तारीख असते, गावाचे नाव असते, आणि मुद्रक-प्रकाशक कोण हे छापलेले असते. १८६७ च्या कायद्यानेच ते बंधनकारक केले होते. मजकूर खोटा निघाला तर कोणाच्या दारात जाऊन जाब विचारावयाचा हे वाचकाला ठाऊक असते. फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशाला गाव नसते, तारीख नसते, धनी नसतो. त्याला असतो तो केवळ पाठविणारा. आणि तो आपला मेहुणा, आपला शेजारी, आपल्या मंडळाचा कार्यकर्ता असतो. मेहुण्यावरचा विश्वास आपण नकळत मजकुरावर ठेवतो. पाठविणाऱ्याला तरी मूळ लिहिणारा कोण हे कोठे ठाऊक असते?

त्यात पुन्हा लिखित संदेशाला सूर नसतो. बोलणारा थट्टेने बोलला की रागाने, हे आवाजावरून कळते. अक्षरांवरून कळत नाही. ई-मेलमधील उपरोधाबद्दल जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्यांना वाटत होते की, शंभरांतील ७८ वेळा वाचणाऱ्याला आपला सूर बरोबर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ वेळा कळला. छापा-काटा केला असता तरी पन्नास वेळा बरोबर आले असते! मित्रामित्रांत ही चूक झाली तर थोडा रुसवा-फुगवा होतो. पण लिहिणारा एका पक्षाचा आणि वाचणारा दुसऱ्या पक्षाचा असला, किंवा एक या भाषेचा आणि दुसरा त्या भाषेचा असला, की सुराची ती रिकामी जागा मनात आधीपासून साठलेला संशय भरून काढतो.

आपल्याच महाराष्ट्रातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांना पोलिसांच्या समक्ष ठार मारले. त्या भागात चोरांच्या आणि मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्यापूर्वी काही दिवस पसरल्या होत्या. ही घटना इतकी भीषण होती की, तिला आणखी भीषण करण्याची गरज कोणाला पडू नये. पण तिची चित्रफीत देशभर फिरू लागली आणि तिच्यातील गोंगाटात एक हाक अनेकांना ‘शोएब’ अशी ऐकू आली. बघता बघता त्या गुन्ह्याला हिंदु-मुसलमान वैराचे रूप आले. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीरपणे सांगावे लागले की, ती हाक ‘ओय बस’ अशी आहे आणि पकडलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही.

‘ओय बस’ म्हणजे ‘अरे, पुरे करा’. मारू नका, असे सांगणारी ही हाक मारणाऱ्याच्या नावासारखी ऐकली गेली. येथे ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला? चित्रफितीतील आवाजात कोणी फेरफार केलेला नव्हता. मजकुरात आधी लिहिलेले होते की अमुक नाव ऐकू येते. मग ज्यांच्या मनात ते नाव बसण्याजोगी जागा होती त्यांच्या कानांनी ते ऐकले. ज्यांची राजकीय बाजू निराळी होती त्यांना ‘ओय बस’ चटकन ऐकू आले. त्यांचेही कान निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी या प्रसंगातून केवळ विरुद्ध पक्षाची लबाडी वाचली आणि तीन माणसे मेली होती हे त्यांच्या वाचनात दुय्यम ठरले. कान दोघांचेही पक्षाला बांधलेले होते. फरक एवढाच की, त्या वेळी एका पक्षाच्या कानाला खरे लागले.

बंधुभगिनींनो, दूरच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणे सोपे असते. आता घराकडे वळू या.

डिसेंबर २०२२ आठवा. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांत वातावरण तापले होते. ६ डिसेंबर रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हींच्या चित्रफिती संध्याकाळपर्यंत सर्वांच्या मोबाईलवर आल्या. आपल्या ग्रुपवर पहिल्या चित्रफितीखाली ‘गुंडगिरी’ आणि दुसरीखाली ‘जनतेचा उद्रेक’ असे लिहून आले. हिरेबागेवाडीच्या पलीकडे हेच दोन शब्द उलट क्रमाने लागले नसतील काय? दगड फेकणारे वेगळे आणि काळे फासणारे वेगळे, हे खरे. दगडाची इजा आणि रंगाची इजा सारखी नव्हे, हेही खरे. पण ट्रकचा चालक आणि बसचा चालक हे दोघेही पोटासाठी रस्त्यावर आलेले होते. दोन्ही ग्रुपांवर त्या दोघांची आठवण कोणालाही आली नाही. सामना बैरूतचा असो की बेळगावचा, समोरच्याचे नियमभंग मोजताना बोटे अपुरी पडतात आणि स्वतःचे मोजताना मूठ झाकलेलीच राहते.

त्याच महिन्यात १४ डिसेंबर रोजी दिल्लीला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. बैठकीनंतर त्यांनी सांगितले की, बड्या नेत्यांच्या नावांनी काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद भडकविण्यास हातभार लावला आणि त्याबद्दल गुन्हे दाखल केले जातील. या विधानाचे काय झाले पाहा. दोन्ही बाजूंच्या लोकांनी ते ऐकले आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाटून घेतले. आमच्या नेत्याच्या नावाने आलेले कडवट वाक्य बनावट होते. त्यांच्या नेत्याच्या नावाने आलेले मात्र खरेच होते! बनावट हा शब्दसुद्धा शेवटी पक्षाच्या चाळणीतून गाळून घेतला गेला. खरे आणि खोटे ठरविण्याची कसोटीच जेव्हा ‘कोणाच्या सोयीचे’ ही होते, तेव्हा सरकारने कितीही खुलासे केले तरी ते पालथ्या घड्यावर पाणी ठरतात.

फेब्रुवारी २०२५ चा प्रसंग तर कालचाच म्हणावयाचा. बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या एका बसवाहकाने तक्रार केली की, मराठीत बोललो नाही म्हणून आपल्याला मारहाण झाली. त्याच्याविरुद्धही उलट तक्रार झाली. दोन्ही तक्रारींचा तपास व्हावयाचा होता; पण मोबाईलवर निकाल आधी लागला. एका भाषेच्या ग्रुपांवर वाहक हुतात्मा ठरला, दुसऱ्या भाषेच्या ग्रुपांवर तो गुन्हेगार ठरला. पाठोपाठ चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एस.टी.च्या चालकाला काळे फासले गेले आणि महाराष्ट्राने कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या थांबविल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणारा रुग्ण, निपाणीचा व्यापारी, माहेरी निघालेली लेक यांपैकी कोणाचा या तक्रारींशी काही संबंध होता? भुर्दंड मात्र त्यांना पडला. सीमेवरच्या माणसाला चुकीच्या वाचनाची किंमत पुण्या-बंगळूरच्या माणसापेक्षा आधी आणि अधिक मोजावी लागते, हे आम्हांस आजच्या व्याख्यानात आवर्जून सांगावयाचे आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सीमाभागातील मराठी माणसाचा संशय हा काही हवेतून आलेला नाही. १९५६ पासून त्याने पुष्कळ सोसले आहे. त्याच्या भाषेतील कागद त्याला मिळावा म्हणून त्याने अर्ज केले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. अशा माणसाने कानडी पुढाऱ्याच्या विधानाकडे शंकेने पाहिले तर त्याला पूर्वग्रह म्हणावे काय? आम्ही म्हणू, तो अनुभव आहे. अनुभवाला कोणी खोटे ठरवू नये. पण अनुभवाचा अधिकार कोठवर चालतो हे ठरविले पाहिजे. ‘हे खरे आहे काय, जरा पाहू’ असे विचारावयास अनुभव लावतो, तोवर तो आपला मित्र असतो. ‘हे खरेच आहे, पाहावयास नको’ असे तो म्हणू लागला की तो आपला मित्र राहिला नाही. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, यात शहाणपण आहे. तो ताकाचे मडकेच फोडू लागला तर त्याला शहाणा कोण म्हणेल?

शिवाय दोन्ही बाजू पक्षपाती वाचतात याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या किंवा सारख्याच खोट्या, असा होत नाही. सत्य मधोमध वाटून घेण्याची वस्तू नव्हे. ते कागदावर, साक्षीत आणि तारखेत शोधावे लागते. आणि नेमके हेच आपल्या चळवळीचे बळ आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला तो घोषणांवर उभा नाही. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या तत्त्वांवर तो उभा आहे आणि त्यांतील प्रत्येक तत्त्वासाठी पुरावा लागतो. ज्यांचा दावा पुराव्यावर आहे त्यांनी पुराव्याविना आलेला संदेश पुढे ढकलावा, ही विसंगती नव्हे काय? आपल्याकडून गेलेला एक खोटा फॉरवर्ड उघडकीस आला की, आपल्या शंभर खऱ्या तक्रारींना ‘हेही तसलेच’ असे म्हणण्याची सोय समोरच्याला होते. हे शस्त्र त्याच्या हाती आपणच द्यावयाचे काय?

आता आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. पुढे पाठविणारा प्रत्येक माणूस त्या मजकुरावर विश्वास ठेवतो असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीला जमलेल्या गर्दीवरून वाद झाला. दोन संशोधकांनी ट्रम्प यांच्या आणि आधीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे बराक ओबामांच्या २००९ च्या शपथविधीची छायाचित्रे नावे न लिहिता लोकांपुढे ठेवली आणि ‘कोणत्या चित्रात माणसे अधिक आहेत?’ एवढेच विचारले. लहान मुलालाही उत्तर देता आले असते. तरी ट्रम्प यांच्या मतदारांपैकी सुमारे १५ टक्के लोकांनी उघड उघड विरळ गर्दीच्या चित्राकडे बोट दाखविले. त्यांचे डोळे बिघडले होते काय? नाही. ते चित्राचे उत्तर देत नव्हते. ते आपला झेंडा हलवीत होते. अशाच दुसऱ्या प्रयोगांत बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, तेव्हा दोन पक्षांच्या उत्तरांतील दरी पुष्कळच आटली. म्हणजे खरे काय ते अनेकांना ठाऊक होते. ते सांगण्याने आपल्या माणसांत काही मिळत नव्हते, म्हणून ते सांगितले जात नव्हते.

आपल्या ग्रुपांवर हेच चालते. एखादा मजकूर संशयास्पद आहे हे दहा जणांना कळते, पण बोलत कोणीच नाही. ‘हे खरे आहे का?’ एवढेच जो विचारील त्याला विचारले जाते, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ प्रश्न विचारणारा फितूर ठरतो आणि न वाचता पुढे पाठविणारा निष्ठावंत ठरतो. ज्या समाजात निष्ठेची परीक्षा अशी होऊ लागते तेथे खोटे पसरवावयास शत्रूची गरजच उरत नाही. आम्हांस तर असे वाटते की, आपल्या ग्रुपवर जो उभा राहून ‘थांबा, तारीख पाहू द्या’ असे म्हणतो, तोच खरा कार्यकर्ता होय. त्याला सांभाळणे हे आपले काम आहे.

वेगाचीही गोष्ट लक्षात घ्या. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याचा संभव खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होता, असे त्यात आढळले. त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास बंदी केली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आणली. कंपनीने दाराला अडसर घातला, हे ठीक झाले. पण आतल्या माणसाने काय वाचावे हे अडसर ठरवू शकत नाही.

मग उपाय काय? समोरच्याचे म्हणणेही वाचा, असा उपदेश नेहमी केला जातो. तेवढ्याने भागेल असे मानू नका. अमेरिकेत काही लोकांना महिनाभर विरुद्ध पक्षाचे संदेश ट्विटरवर वाचावयास लावले. त्यांतील रिपब्लिकन पक्षाचे लोक मवाळ होण्याऐवजी आपल्या मतात अधिकच कट्टर झाले, असे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. याचे कारण उघड आहे. विरोधकाचे संदेश आपण समजून घेण्यासाठी वाचत नाही. खोडून काढण्यासाठी वाचतो. वाचण्याची रीत बदलल्याविना वाचनाचे साहित्य बदलून फळ नाही.

ती रीत बदलण्यासाठी आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, नावे उलटी करून वाचा. कानडी पुढाऱ्याच्या नावाने आलेले वाक्य आपल्या पुढाऱ्याच्या तोंडी घाला आणि मग ते कसे लागते ते पाहा. धमकी वाटत होती ती ठामपणा वाटू लागली, तर दोष वाक्यात नव्हता. तरीही ती धमकीच वाटली, तर मात्र तिला धमकी म्हणावयास कचरू नका.

दुसरी गोष्ट, तुकड्यावर विसंबू नका. चित्रफीत कोठली, केव्हाची, तिच्या आधी आणि नंतर काय झाले, हे न कळेल तोवर ती पुढे पाठवू नका. मजकूर आधी वाचून चित्र पाहू नका; आधी चित्र पाहा, मग मजकूर वाचा. पालघरच्या चित्रफितीत ज्यांनी हा क्रम पाळला असता त्यांना ‘ओय बस’ ऐकू येण्याचा संभव अधिक होता.

तिसरी गोष्ट केवळ सीमाभागातील माणसालाच साधण्याजोगी आहे. आपल्याला दोन्ही भाषा येतात. मुंबईच्या माणसाला कानडी विधानाचा अर्थ कोणीतरी लिहून दिलेल्या मराठी मथळ्यावरून घ्यावा लागतो. आपण मूळ विधान ऐकू शकतो. या दोन भाषांत शब्द पुष्कळ सामाईक आहेत आणि तेच कधी कधी दगा देतात. मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी वा सवड, कानडीत घाई. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कानडीच्या रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. एकाचे अनुमान सीमा ओलांडताच संशय होते, ही निव्वळ शब्दांची गंमत नाही. अशा ठिकाणी यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबण्यापेक्षा शेजारच्या कानडी गृहस्थाला हाक मारून ‘अण्णा, याचा नेमका अर्थ काय?’ असे विचारणे अधिक बरे. त्याने मराठीबद्दल तुम्हांला विचारावे. आठवड्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा व्यवहार मोबाईलने बंद पडू देऊ नका.

चौथी गोष्ट, दुरुस्ती त्याच जागी करा. खोटा मजकूर ज्या ग्रुपवर टाकला गेला, त्याच ग्रुपवर तो खोटा होता असे लिहा. खोटे चारचौघांत सांगावयाचे आणि खरे कानात पुटपुटावयाचे, ही रीत मराठी माणसाला शोभत नाही.

वृत्तपत्रांचीही यात जबाबदारी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. मोबाईलवर जे फिरले तेच दुसऱ्या दिवशी छापले तर वृत्तपत्राची गरजच काय? रात्री आलेल्या चित्रफितीचे गाव आणि तारीख शोधून ती सकाळी वाचकापुढे ठेवणे, आणि ती शोध लागण्याजोगी नसेल तर तसे छापणे, हे वृत्तपत्राचे काम होय. वाचकाने ते मागून घेतले पाहिजे. आपल्याला आवडणारी बातमी खोटी ठरविणाऱ्या अंकावर तो रागावणार असेल, तर संपादकाला धैर्य कोण देणार?

बंधुभगिनींनो, आपली ओळख सोडा असे आम्ही सांगत नाही. भाषा, प्रांत, पक्ष या ओळखी माणसाला उभे राहण्यासाठी जमीन देतात. पण पायाखालची जमीन कोणी डोळ्यांवर बांधून घेत नाही. उद्या सकाळी आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाईलवर काही ना काही येईलच. ते वाचून रक्त उसळले, तर ते पुढे पाठविण्यापूर्वी एवढेच पाहावे की, कागदावर खरोखर ‘मा’ लिहिलेला आहे की ‘ध’. ‘मा’ असेल, तर सर्वांनी मिळून त्याचा जाब विचारू. ‘ध’ असेल, तर संदेश तेथेच थांबवावा आणि हिरेबागेवाडीच्या नाक्यावरून गाड्यांना सुखाने जाऊ द्यावे.